रत्नागिरी शहराला दोन रात्री द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : डिसेंबरात तीन दिवस हातात आहेत, सोबत सत्तरीतले सासू-सासरे, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि सात व बारा वर्षांची मुलं. मुक्काम गणपतीपुळ्याला करावा की रत्नागिरीत, शहरात बघण्यासारखं काही आहे का, थिबा पॅलेस आतून रिकामाच आहे हे खरं का, आणि संग्रहालयांत मुलं कंटाळतील का.

मी रत्नागिरीतच राहतो आणि पाहुण्यांना हे शहर दाखवणं हेच माझं काम आहे, म्हणून आधी मुक्कामाचं सांगतो. दोन्ही रात्री शहरात काढा. गणपतीपुळे इथून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, अर्ध्या दिवसात निवांत होतं. उलट केलंत, म्हणजे तिकडे राहून शहर 'उरकायला' आलात, तर नेमके भर दुपारी किल्ल्यावर पोचाल आणि संध्याकाळी राजवाड्याच्या बंद फाटकासमोर उभे राहाल. बहुतेक पाहुण्यांचं हेच होतं. मग ते घरी जाऊन सांगतात, रत्नागिरीत काही नाही.

शहराची ठेवण समजली की अर्धं काम होतं. वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळमाथा, त्याच्या उतारावर आणि पायथ्याशी जुन्या आळ्या, खाली दक्षिणेला काजळी नदीची भाट्ये खाडी आणि पश्चिमेला समुद्र. वस्ती फार मोठी नाही. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत ७६ हजारांच्या आसपास माणसं होती. बघायची ठिकाणं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. त्यामुळे 'आधी काय, मग काय' हे अंतरावर ठरवू नका, उन्हावर आणि भरती-ओहोटीवर ठरवा. सकाळी किल्ला किंवा खाडीकाठ, दुपारी छपराखालची ठिकाणं, साडेचारनंतर पश्चिमेकडे तोंड. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, हे लक्षात ठेवा.

भरतीचा अंदाज काढायला आमच्याकडे जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे, म्हणजे ओहोटी संध्याकाळी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरण्याचा बेत आखायला एवढं पुरतं. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास आलात तर सूर्यास्ताला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबवर मोकळी मिळेल आणि मुलांना हुंदडायला जागा. अष्टमीच्या आसपास आलात तर त्याच वेळी पाणी वर चढलेलं असेल, मग संध्याकाळ उंचावरच्या थिबा पॉइंटवर घालवा आणि किनारा दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर बघा.

आता थिबा पॅलेस. 'रिकामा आहे' ही तक्रार मी सतत ऐकतो. राजघराण्याचं बहुतेक सामान तिथे उरलेलं नाही, हे खरं आहे. झुंबरं, सिंहासन, गालिचे बघायला जाल तर निराश व्हाल. पण ती वास्तू दिखाव्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती एका राजाला कैदेत ठेवायला बांधली होती, आणि ती बघायची ती याच नजरेने.

गोष्ट मुलांना वाटेतच सांगून ठेवा. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा, कोनबाँग घराण्यातला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला, राणी सुपयालतला आणि सगळ्या कुटुंबाला देशाबाहेर काढलं. आधी मद्रासला नेलं, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती. पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात समुद्राची वाटही बंद. पळून जायला किंवा कोणी सोडवायला यायला अवघड जागा हवी होती, ती त्यांना इथे सापडली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवलं होतं, आणि आता रंगूनकडचा राजा आपल्याकडे आणला. बारा वर्षांच्या मुलाला ही अदलाबदल चटकन कळते आणि मग तो आपणहून प्रश्न विचारायला लागतो.

राजवाडा तयार होऊन राजा तिथे राहायला गेला १९१० मध्ये. तोवर तो सरकारी बंगल्यांतच राहत होता. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं काढली आणि ज्याला आपण 'थिबा पॅलेस' म्हणतो त्यात जेमतेम सहा. पुढे १९१९ मध्ये राणी उरलेल्या कुटुंबासह ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यातल्या दरवानाशी, गोपाळ सावंत यांच्याशी, तिचा संसार इथे होता. त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथेच लग्न करून राहिली. ब्रह्मदेशच्या राजाची नात आमच्यातलीच एक होऊन जगली, हे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा माझा आवाज दरवेळी जरा जड होतो. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन भारतात आले तेव्हा मुद्दाम रत्नागिरीला येऊन गेले. इतक्या लांबून माणूस येतो, आणि आपले लोक फाटकावरून 'रिकामाच आहे ना' विचारून पुढे जातात.

आत गेल्यावर घाई करू नका. तळमजल्यावर पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. त्यात जुन्या मूर्ती आहेत, छायाचित्रं आहेत. राजघराण्याची छायाचित्रं नीट बघा, चेहऱ्यांकडे बघा. मग बाहेर येऊन वाड्याला पूर्ण फेरी मारा. जांभा आणि विटांच्या भिंती, उतरती छपरं, आणि खिडक्यांवरची अर्धवर्तुळाकार लाकडी कोरीव जाळी. ही जाळी जवळून बघण्यासारखी आहे. सागवानाचं काम आहे आणि उन्हाची तिरीप आली की तिची नक्षी आत फरशीवर उतरते. त्यासाठी सकाळी दहा-साडेदहाला किंवा चारच्या सुमारास जा. वरचा मजला दरवेळी उघडा असेलच असं नाही, पण सासूबाईंना जिना चढायला जमत नसेल तर त्यांचं काही फार हुकणार नाही. खालचा भाग आणि बाहेरची फेरी त्यांना सहज जमेल. सोमवारी संग्रहालय बंद असतं, सरकारी सुट्टीचीही आधी चौकशी करून ठेवा.

तिथून थिबा पॉइंट जवळच आहे. खाली भाट्ये खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे भाट्याची पुळण आणि सुरूचं बन, राजिवड्याच्या होड्या, आणि खाडी समुद्राला मिळते ती जागा, असं सगळं एका नजरेत येतं. बसायला जागा आहे, उद्यान आहे, म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही. राजाची आणि धाकट्या राणीची समाधी शिवाजीनगर भागात घरांच्या मधोमध आहे. वाट विचारत जावं लागतं. तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, पण राजवाडा पाहून मग तिथे गेलात तर गोष्ट पुरी होते.

मुलांचं म्हणाल, तर त्यांना कंटाळा येणार नाही असं ठिकाण झाडगावला आहे : सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय. हे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. काचेच्या टाक्यांत जिवंत मासे, आणि संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा. त्याच्या शेजारी मुलांना उभं करा आणि बरगड्या मोजायला सांगा. बाटल्यांत जतन केलेले मासे, खेकडे, शंख-शिंपले, समुद्रकाकड्या हेही बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण संध्याकाळी ताटात येणार ते इथे नावासकट दिसतं. मोठ्या शहरांतल्या झगमगीत मत्स्यालयासारखं हे नाही. संशोधन करणाऱ्यांनी लोकांसाठी उघडं ठेवलेलं हे दालन आहे आणि म्हणूनच मला ते प्रिय आहे. दुपारी जेवल्यावर, उन्हं चढलेली असताना इथे जा.

त्यानंतर उन्हं उतरली की मांडवी. मांडवीला काळी वाळू आहे, आणि शहराच्या उत्तर अंगाला मिऱ्याकडे जाताना जो किनारा लागतो तो पांढरा समुद्र म्हणून ओळखला जातो. मांडवी तो काळा समुद्र. मुलांना दोन्ही दाखवा आणि येताना घरून एक लोहचुंबक आणा. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडवीच्या कोरड्या वाळूत फिरवायचा. काळे बारीक कण पिशवीला येऊन चिकटतात, केसाळ सुरवंटासारखे. पिशवी उलटी केली की ते सुटतात आणि हाताला जड लागतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातले लोहयुक्त खनिजांचे कण नद्यांबरोबर खाली येतात, लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड कण मागे राहतात. मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही त्या खनिजांची नावं. मोठ्याला नावं सांगा, धाकट्याला चुंबक द्या, आणि तुम्ही निवांत भेळ खा. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी सगळं गाव येतं, तेही बघण्यासारखं असतं. पाण्यात मात्र उतरू देऊ नका.

रत्नदुर्ग सकाळसाठी ठेवा. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार आहे आणि तीन बाजूंनी समुद्र. बहमनी काळापासूनचा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे आंग्रे आणि पेशव्यांकडे राहिला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ आहे. गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत. सासूबाईंना घाई न करता चढवा, किंवा पायथ्याच्या भागेश्वर मंदिरात त्यांना बसवून तुम्ही वर जा. ते देऊळ शांत आणि देखणं आहे, तिथे थांबणं ही शिक्षा नाही. तटावरून एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर आणि मिऱ्याचा डोंगर, दुसरीकडे मांडवी दिसते. दीपगृह वेगळ्या टेकाडावर आहे. ते बघायचं असेल तर वेळ आधी विचारून घ्या, ते दिवसभर उघडं नसतं. तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका, खाली सरळ कडा आहे.

किल्ल्यावरून उतरताना मिरकरवाड्यात डोकावता येईल. राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी हे एक. सकाळी मासळी उतरते आणि लिलाव चालतात. जमिनीवर पाणी, बर्फ, घाईतली माणसं. म्हणून आजी-आजोबांना नको, मुलांना जरूर. कोणाच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि फोटो काढायच्या आधी विचारायचं. तिथे माणसं कामावर असतात.

टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत आहे. २३ जुलै १८५६ चा त्यांचा जन्म, आणि दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले. तुम्ही पुण्याच्या, म्हणून मुलांना सांगायला बरं. वास्तू जपलेलं कोकणी घर आहे. जांभ्याच्या भिंती, कौलं, लाकडी खांब. अर्धा तास पुरतो. तिथून पतितपावन मंदिर फार लांब नाही. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात अस्पृश्यांसह सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असावा म्हणून भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये हे देऊळ उभं राहिलं. त्या वेळच्या देवळांत कोणाला कुठवर जाता येत होतं, हे सासऱ्यांना विचारा. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं ते सांगतील आणि मुलांना ते कुठल्याही पाटीपेक्षा जास्त कळेल.

पूल ओलांडून भाट्याला गेलात तर झरी विनायकाचं देऊळ आणि लांबलचक पुळण आहे, ती सगळ्यांना माहीत असते. मी त्याआधी प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात जायला सांगीन. १९५५ पासूनचं हे केंद्र, कोकण कृषी विद्यापीठाचंच. इथे 'लाखी बाग' बघा : नारळाच्या दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, आणि माडावरच चढवलेली मिरी. माडाची सावली मसाल्याला मानवते आणि एकाच जमिनीतून बागायतदाराला तीन-चार पिकं मिळतात. सासऱ्यांना बागकामाची आवड असेल तर ते इथून हलणार नाहीत. जायफळाचं फळ फुटलं की आत लालभडक जायपत्रीत गुंडाळलेली बी दिसते. मसाल्याच्या डब्यातली वस्तू झाडावर बघितली की मुलांचे डोळे मोठे होतात. जमीन सपाट आहे, सासूबाईंनाही चालता येईल. कामाच्या दिवशी, कार्यालयात विचारूनच आत जा.

बागबगीचा म्हणून शहरात जे आहे ते साधं आहे. झोपाळे, घसरगुंडी, बाकडी. मुलं दमवायला ठीक. त्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला जाताना शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे-वारे असा किनाऱ्याचा रस्ता घ्या. आरे-वाऱ्याच्या वरच्या वळणावर गाडी नीट बाजूला लावून उतरा. संकष्टीच्या दिवशी जाणार असाल तर पहाटेच निघा, त्या दिवशी गर्दी फार असते. गणपतीपुळ्याची पुळण बघायला सुंदर आहे पण ती पटकन खोल होते, पायाखालची वाळू सरकते आणि माघारी जाणारं पाणी माणसाला ओढतं. दरवर्षी तिथे घाटावरून आलेली माणसं बुडतात. गुडघ्यापुढे पाणी नको, पोहायला येत असलं तरी नको, आणि किनाऱ्यावरचा कोणी स्थानिक 'वर या' म्हणाला तर वाद न घालता वर या. देवळानंतर मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेने जपलेलं. १८६६ चा त्यांचा जन्म. स्वच्छ, सावलीचं ठिकाण आहे, दुपारची वेळ तिथे चांगली जाते.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत : कातळशिल्पं. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेले हत्ती, वाघ, मासे, माणसं, भौमितिक चौकटी आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ ठिकाणांची नोंद झाली, त्यात रत्नागिरीजवळची उक्षी आणि जांभरूण आहेत. राजापूरकडच्या कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या रेषांच्या आत इतर अनेक प्राणी. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून यांतली कितीतरी शिल्पं उजेडात आणली. तुमच्यासोबत ज्येष्ठ आहेत, म्हणून उक्षी सोयीचं. तिथे हत्तीभोवती गावाने जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला आहे आणि शिल्प वरून नीट बघता येतं. डोक्यावर ऊन असताना कोरीव रेषा दिसतच नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, तिरप्या उन्हात सावली पडली की हत्ती एकदम जमिनीतून वर येतो. गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याचा मोबदला द्या. शिल्पावर पाय ठेवू नका, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा पाणी वापरू नका, आणि मुलांना हे आधीच बजावून न्या. जांभा मऊ दगड आहे. हजारो वर्षांचा पाऊस त्याने सोसला, पण गाड्यांची चाकं आणि बुटांच्या टाचा तो सोसणार नाही.

गाडी पुण्याहून आंबा घाटाने आणलीत तर हातखंब्याच्या तिठ्यावरून सरळ शहरात याल. शनिवारी सकाळी निघून दुपारी पोचलात तर पहिली संध्याकाळ थिबा पॉइंट किंवा मांडवी. रविवारी सकाळी किल्ला, मग राजवाडा, जेवण, मत्स्यालय. नारळ संशोधन केंद्र सोमवारी सकाळी, आणि मग गणपतीपुळे व मालगुंड. टिळकांचं घर आणि पतितपावन रविवारच्या फटीत बसतील. उक्षी त्यात बसवायचं असेल तर रविवारी दुपारी जेवल्यावर विश्रांती घ्या, चारला उक्षी गाठा आणि मत्स्यालय शनिवारी पोचल्यावर बघून टाका. सगळंच करायचा हट्ट धरू नका. सासूबाई दमल्या तर सगळ्यात आधी जन्मस्थान आणि मंदिर गाळा, राजवाडा नको.

खरेदी रामआळीत आणि गोखले नाक्याच्या परिसरात. डिसेंबरात हापूस नसतो, झाडाला मोहोर असतो, म्हणून कोणी ताजा हापूस म्हणून पेटी पुढे केली तर घेऊ नका. कोकम, आगळ, काजूगर, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ घ्या. कोकम घेताना बोटांनी दाबून बघा, ते लवचिक आणि गडद असायला हवं. कडक आणि फिकट पडलेलं जुनं असतं.